गाडी बदलणाऱ्या माणसाला मोजा : कुर्डुवाडी स्टेशनबद्दल एक खुले पत्र

प्रति,
मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक,
मध्य रेल्वे, सोलापूर विभाग

महोदय,

स.न.वि.वि.

स्टेशनांचे रूप पालटण्यासाठी रेल्वेने आखलेल्या अमृत भारत स्थानक योजनेच्या यादीत कुर्डुवाडीचे नाव आले, याचा आनंद गावात सगळ्यांनाच झाला. या योजनेतल्या स्टेशनांची रंगीत चित्रे मोबाइलवर फिरतात, लोक ती कौतुकाने पुढे पाठवतात. मला त्या चित्रांत एक गोष्ट खटकली. जवळपास सगळी चित्रे रस्त्याच्या बाजूने काढलेली असतात. कमान, बगीचा, रिक्षांसाठी आखलेली जागा, मोठी पाटी. कुर्डुवाडीला उतरणाऱ्यांपैकी पुष्कळांना स्टेशनची ही बाजू कधी दिसतच नाही. ते एका गाडीतून उतरतात, फलाटावर थांबतात आणि दुसऱ्या गाडीत चढतात. गावात पाऊल न टाकता निघून जातात. त्याचे गावाला वाईट वाटत नाही. दीडशेहून जास्त वर्षे आमचा धंदाच तो आहे.

म्हणून हे पत्र. मागणी तशी एकच आहे: स्टेशनचा आराखडा करताना या गाडी बदलणाऱ्या माणसाला आधी मोजा. बाकीचे मुद्दे त्यातूनच निघतात.

आपल्या खात्यात स्टेशनांची प्रतवारी कशी होते, हे आपल्याला मी सांगायचे म्हणजे फारच झाले. पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहितो. 2017 पासून उपनगरी नसलेल्या स्टेशनांचे सहा वर्ग आहेत, एनएसजी-1 ते एनएसजी-6. किती बाक, किती नळ, किती स्वच्छतागृहे, फलाटावर किती छप्पर, याचे किमान प्रमाण त्या वर्गाप्रमाणे ठरते. वर्ग ठरवताना मुख्य आकडे दोन: स्टेशनचे वर्षाचे प्रवासी उत्पन्न आणि तिथून निघणारे उतारू. आता लातूरहून सोलापूरला निघालेल्या माणसाचे काय होते ते बघा. तिकीट त्याने लातूरला काढलेले असते, त्यामुळे पैसे लातूरच्या खात्यावर आणि डोकेही लातूरच्या खात्यावर. कुर्डुवाडीला तो दोन तास थांबला, चहा प्यायला, बाटली भरून घेतली, स्वच्छतागृहात गेला, बाकावर आडवा झाला. एवढे करून कुर्डुवाडीच्या हिशेबात त्याचे नाव नाही. जंक्शनवरच्या सोयी जो सगळ्यात जास्त वापरतो, तोच उतारू मोजणीत नसतो. मोठ्या शहरात हा फरक गर्दीत बुडून जातो. आमच्यासारख्या लहान गावाच्या मोठ्या जंक्शनला तो फार महागात पडतो.

इतिहास सांगतो तो अभिमान मिरवायला नव्हे; हे स्टेशन कशासाठी उभे राहिले ते त्यातून कळते. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे या कंपनीचे रूळ पुण्याहून सोलापूरकडे सरकत होते, तेव्हा 1859 मध्ये गाडी इथपर्यंत आली आणि पुढच्या वर्षी सोलापूरला पोचली. स्टेशनला नाव मिळाले बार्शी रोड. बार्शी एकीकडे वीस-बावीस मैलांवर, पंढरपूर दुसरीकडे तीस मैलांवर. बार्शी ही तेव्हा मोठी पेठ, बालाघाटापलीकडचा कापूस, गळिताचे धान्य, ज्वारी तिथे यायची. तो माल बैलगाड्यांनी या स्टेशनवर यायचा आणि विठ्ठलाला निघालेली माणसे इथे उतरून बैलगाडीने किंवा पायी पंढरपूरची वाट धरायची. म्हणजे ज्या दिवशी स्टेशन झाले त्याच दिवसापासून इथे येणाऱ्याला जायचे होते दुसरीकडेच.

ही वीस-बावीस मैलांची अडचण एका माणसाच्या डोक्यात बसली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर 1882 मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीत आला. मोठ्या रुळांचा खर्च बार्शीच्या वाहतुकीतून निघण्यासारखा नव्हता, म्हणून त्याने अडीच फुटी रुळांचा प्रस्ताव मांडला. सरकारदरबारी खेटे घालण्यात वर्षे गेली. 1895 मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी नोंदली गेली आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी धावू लागली. कॅलथ्रॉपची कल्पना ऐकायला सोपी आहे. इंजिन असो, उतारूंचा डबा असो की मालाची वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. एवढे पथ्य पाळले की रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि बोग्यांवर, म्हणजे डब्याखालच्या वळणाऱ्या चाकांच्या सांगाड्यांवर, लांबलचक डबे बसवता येतात. अरुंद रुळांची गाडी म्हणजे खेळण्यातली गाडी, हा तेव्हाचा समज त्याला मोडायचा होता. म्हणून बार्शीची गाडी हिंदुस्थानात पाठवण्याआधी त्याने ती लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम रूळ टाकून जाणकारांसमोर चालवून दाखवली. पुढे इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यातली लाइनही त्याने बार्शीच्याच धर्तीवर बांधली. ती 1904 मध्ये सुरू झाली. इंग्लंडचे नमुने इकडे आले असे आपण नेहमी ऐकतो. इथे माढा आणि बार्शी तालुक्यांत सिद्ध झालेली गोष्ट तिकडे गेली. (याच गृहस्थाने नंतर विमानातून उडी मारण्याचे पॅराशूट बनवले आणि त्याला 'गार्डियन एंजल' असे नाव दिले. रेल्वेच्या इतिहासात याचे काही काम नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.)

बार्शी लाइट वाढत गेली. 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये निजामाच्या राज्यातले लातूर, 1927 मध्ये मिरज. लातूर ते मिरज मिळून 202 मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर, आणि मधोमध आमचे स्टेशन. 1 जानेवारी 1954 रोजी सरकारने कंपनी विकत घेतली. रूळ मात्र अडीच फुटीच राहिले.

मुंबई-सोलापूर लाइन साडेपाच फुटी, बार्शी लाइट अडीच फुटी. एकाचा डबा दुसऱ्यावर जायचा नाही. म्हणून लातूरहून मुंबईला निघालेले प्रत्येक पोते इथे हातांनी उचलले जायचे. पोत्याला आकडा लावायचा, पाठीवर घ्यायचे, फळीवरून पलीकडच्या वाघिणीत टाकायचे. पावसाळ्यात माल भिजू नये म्हणून ताडपत्र्या, फाटक्या पोत्यातून सांडलेले धान्य सुपात गोळा करणाऱ्या बाया, तोलाईवरून होणारी भांडणे. आमच्या गावातली कितीतरी घरे या हमालीवर उभी राहिली आणि कितीतरी नॅरो गेजच्या, म्हणजे या अरुंद रुळांच्या गाड्यांच्या, कारखान्यावर. माझे आजोबा त्यांतलेच. गाडी उशिरा आली की घरी जेवण उशिरा, हे आमच्याकडे कोणी कधी समजावून सांगितले नाही, ते आपोआप कळायचे.

माणसांचेही पोत्यांसारखेच व्हायचे. मोठ्या गाडीतून उतरा, सामान खांद्यावर घ्या, छोट्या गाडीत जागा धरा. आषाढीला तर डब्यात आत जितके तितके टपावर. कडेवर पोर, डोक्यावर तुळशीवृंदावन, खांद्याला पखवाज, अशी माणसे त्या चिमुकल्या डब्यांत कशी मावत, हे ज्यांनी पाहिले त्यांनाही सांगता येत नाही. जुनी माणसे मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतात: मेल उशिरा असली तर छोटी गाडी तिच्यासाठी थांबायची. स्टेशन मास्तरांना माहीत असायचे की या गाडीत बसणारा माणूस त्या गाडीतून उतरायचा आहे.

पुढे रूळ बदलले. कुर्डुवाडी-पंढरपूर आधी मोठ्या रुळांवर आले. 2007 मध्ये लातूर ते धाराशिव आणि 2008 मध्ये धाराशिव ते कुर्डुवाडी झाले. या निमित्ताने वाट वळवून धाराशिव शहराला पहिल्यांदा रेल्वे मिळाली, नाहीतर त्यांना येडशी गाठावी लागायची. शेवटी मिरज-पंढरपूर. छोटी गाडी गेल्याचे दुःख करणारे लोक आहेत, मीही अधूनमधून त्यांच्यात असतो. पण एप्रिल 2016 आठवा. लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर, आणि पुढे एका खेपेला 25 लाख लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव करत ती गाडी 342 किलोमीटर गेली. अडीच फुटी रूळ असते तर एवढे पाणी असे नेता आले नसते. डिसेंबर 2020 मध्ये शेतमाल नेणारी देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली, तीही याच वाटेने. रुंद रुळांचे उपकार नाकारणारा करंटाच म्हणायचा.

रुळांचे माप एक झाल्यावर गाडी बदलणे संपेल असे आम्हाला वाटले होते. तसे झाले नाही. मिरज-लातूर एकसलग झाले, मुंबई-सोलापूर दुहेरी झाले, विजेचे झाले, पण या दोन वाटा एकमेकींना छेदतात त्या इथेच. पंढरपूरहून हैदराबादकडे जाणारा, धाराशिवहून सोलापूरला निघालेला, कलबुर्गीहून बार्शीला यायचे असलेला, या सगळ्यांना थेट गाडी क्वचितच सापडते. बार्शीला कर्करोगाचे रुग्णालय आहे, नर्गिस दत्त यांच्या नावाचे. तिथे उपचाराला येणारी माणसे लांबलांबून येतात. केमोथेरपी घेऊन परत निघालेला पेशंट आणि त्याच्याबरोबरची बायको किंवा मुलगा, हातात रिपोर्टची पिवळी पिशवी, असे दृश्य ज्याला बघायचे असेल त्याने इथल्या फलाटावर थोडा वेळ बसावे. 10 फेब्रुवारी 2023 ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली तेव्हा पुणे आणि सोलापूर यांच्या मध्ये तिला एकच थांबा दिला होता, तो कुर्डुवाडीचा. तो गावाच्या लोकसंख्येकडे बघून दिला नसणार. पंढरपूर, बार्शी, धाराशिव इथून गाठायचे म्हणून दिला. रेल्वेलाही कुर्डुवाडीचे खरे काम ठाऊक आहे. मग ते सोयींच्या हिशेबात का येऊ नये?

आता आराखड्याकडे येतो.

पहिली गोष्ट, प्रतीक्षालय रस्त्याच्या बाजूला नको, फलाटावर हवे. जो बाहेरून येतो तो गाडीच्या वेळेवरच येतो. जो आतून येतो तो तासन्‌तास बसतो. अवजड सामान घेऊन पूल चढा, मुख्य इमारतीत जा, मग गाडीची वेळ झाली की पुन्हा पूल उतरा, असे कोणी करत नाही. माणूस आहे तिथेच पिशवी उशाला घेऊन पडतो. म्हणून मधल्या फलाटांवर बंदिस्त, पंख्यांची, आतून उजेड असलेली खोली हवी. बायकांसाठी वेगळी, आणि तिचे दार फलाटावरच्या वर्दळीकडे उघडणारे हवे, मागच्या अंधाराकडे नको. स्वच्छतागृह त्याच फलाटावर, त्याच खोलीपासून हाकेच्या अंतरावर. आणि ते रात्री बारानंतरही उघडे. कुलूप कोणाकडे आणि किल्ली कोणाकडे, हा भारतातल्या स्टेशनांवरचा सनातन प्रश्न आहे. निदान जंक्शनवर तरी कुलूपच नको.

पैसे घेऊन बसण्याच्या वातानुकूलित खोल्या आता पुष्कळ स्टेशनांवर झाल्या आहेत. त्याही करा, ज्याला परवडते तो बसेल. पण तेवढ्यावर प्रतीक्षालयाचे काम झाले असे धरू नका. जनरलच्या तिकिटावर येणाऱ्याने खोलीत बसण्याचे भाडे गाडीच्या भाड्याएवढे कशाला द्यायचे?

पुलाबद्दल मला जास्त लिहायचे आहे. मागे एकदा एका जंक्शनवर, कुर्डुवाडी नव्हे आणि नाव सांगत नाही, मी आत्याला घेऊन गाडीची वाट बघत होतो. आत्याचे दोन्ही गुडघे गेलेले. गाडी आयत्या वेळी पलीकडच्या फलाटावर घेतली. कर्ण्यात काहीतरी बोलले गेले, पण त्याच वेळी मधून मालगाडी चालली होती. मालगाडीचा शेवटचा डबा गेला आणि समोर आमची गाडी उभी दिसली. मधे दोन रूळ, आणि जिना फलाटाच्या पार त्या टोकाला. लोकांनी सरळ रुळांवर उड्या टाकल्या. आत्याला दोन पोरांनी काखेत हात घालून खाली उतरवले, पलीकडे वर ओढले. तिच्या लुगड्याला ग्रीसचा डाग पडला, तो शेवटपर्यंत निघाला नाही. आत्या डब्यात बसल्यावर एवढेच म्हणाली, "पंढरीला जाताना देवानं बरी परीक्षा घेतली." मी मनात म्हणालो, यात देवाचा काय संबंध?

लिफ्ट आणि सरकते जिने आराखड्यात असतीलच. माझे म्हणणे त्यांच्या जागेबद्दल आहे. लिफ्ट मुख्य दाराजवळ सुरू होऊन पहिल्या पुलावर संपत असेल तर बाहेरून येणाऱ्याची सोय झाली, बदलणाऱ्याची नाही. प्रत्येक फलाटावर लिफ्ट हवी, नाहीतर निदान उतरण हवी. आणि पूल गाडीच्या मध्याच्या जवळ हवा. जनरलचे डबे बहुधा गाडीच्या दोन टोकांना असतात आणि सगळ्यात जास्त सामान, सगळ्यात जास्त लहान मुले तिथेच असतात. दुसरा पूल त्या टोकाला झाला तर त्याचा खरा उपयोग होईल. लिफ्ट बंद पडली तर किती तासांत दुरुस्त करायची आणि कोणाला फोन लावायचा, याची पाटी लिफ्टच्या दारावर लावा. वाचणारे वाचतील आणि फोनही लावतील, आम्ही सोलापूर जिल्ह्यातले लोक आहोत.

जोडगाडीची माहिती ही बिनखर्चाची सोय आहे. गाडी स्टेशनात शिरताना घोषणा व्हावी ती अशी: लातूरकडे जाणाऱ्यांसाठी पुढची गाडी अमुक, अमुक फलाटावर, अमुक वाजता, पंढरपूर-मिरजेकडे जाणाऱ्यांसाठी अमुक. आधी मराठीत, सावकाश. आणि लहान स्टेशनांची नावे घ्या. मोडनिंबला जाणाऱ्या म्हातारीला मिरज गाडी म्हणजे आपली गाडी हे माहीत असतेच असे नाही. शेंद्री, पांगरी, आष्टी ही नावे कर्ण्यातून ऐकू आली की माणूस उठून उभा राहतो. हीच माहिती फलाटावरच्या विजेच्या पाटीवर यावी. सध्या देशभर या पाट्या गाडीचा क्रमांक आणि शेवटचे ठिकाण दाखवतात. ते मधूनच चढणाऱ्याला पुरत नाही.

वेळापत्रक मुंबईत आणि दिल्लीत ठरते, विभागाच्या हातात सगळे नसते, हे मान्य. पण दहा-पंधरा मिनिटे शाखेची गाडी थांबवायची की नाही, हे नियंत्रण कक्षात ठरते आणि नियंत्रण कक्ष सोलापूरलाच आहे. मेल दहा मिनिटांत येते आहे, तिच्यात लातूरकडचे साठ-सत्तर उतारू आहेत आणि शाखेची गाडी त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून जाते, तेव्हा कागदावर एक गाडी वेळेवर सुटल्याची नोंद होते. त्या साठ-सत्तर माणसांची रात्र कुठे नोंदली जाते? वाफेच्या इंजिनाच्या काळात जमत होते, ते संगणकाच्या काळात जमायला हरकत नसावी.

वारीचे गणित वेगळे आहे. आषाढी-कार्तिकीला, माघी-चैत्रीलाही, इथे येणारी गर्दी वर्षाच्या सरासरीत बसत नाही. आषाढीला नागपूर, अमरावती, खामगाव, भुसावळकडून पंढरपूरसाठी खास गाड्या सुटतात, लातूर-पंढरपूर आणि मिरज-कुर्डुवाडी गाड्या होतात, त्याबद्दल रेल्वेचे आभारच मानायला हवेत. पण वारकऱ्याला काय लागते ते नीट बघा. त्याला सोफा नको, काचेची खोली नको. तो खाली बसतो, खालीच झोपतो, पहाटे चारला उठून आंघोळ करतो आणि ओले धोतर कठड्यावर वाळत घालून हरिपाठ म्हणतो. त्याला लागते ते मोठे छप्पर, धुतलेली कोरडी फरशी, एका रांगेत दहा-पंधरा नळ, आंघोळीला आडोसा आणि मोबाइल चार्जिंगची जागा. हो, वारकऱ्यालाही. नव्या आराखड्यात प्रत्येक मोकळी जागा स्टीलच्या बाकांनी भरून टाकलीत तर त्या चार एकादश्यांना माणसे बसणार कुठे? एक भाग जाणूनबुजून मोकळा सोडा. इतर वेळी तिथे काही नसले तरी बिघडत नाही.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात: एक तरी चहा-नाश्त्याचा स्टॉल रात्रभर चालू राहील अशी अट ठेक्यातच घाला. आणि स्टेशनवर स्थानिक वस्तू विकण्याच्या 'एक स्थानक, एक उत्पादन' योजनेमध्ये आमच्या भागातली डाळिंबे, बोरे, शेंगाचटणी, कडक भाकरी यांतले काही ठेवा. सोलापुरी चादर सोलापूरला मिळतेच.

शेवटी एका खोलीबद्दल. बार्शी लाइटची आठवण जपणारी एक खोली या स्टेशनवर व्हावी, असे गावातले पुष्कळ लोक म्हणतात. मला तिचा आग्रह आहे, पण स्वच्छतागृहाच्या आधी नाही. खोली झालीच तर ती फलाटावरच असू द्या, गाडीची वाट बघणाऱ्याला अर्धा तास काढता येईल अशी. अडीच फुटी रुळाचा एक तुकडा आणि त्याच्याशेजारी साडेपाच फुटी रुळाचा एक तुकडा जमिनीत बसवा. शाळेतले पोर दोन्ही रुळांमध्ये पाय फाकून उभे राहिले की त्याला अर्धा इतिहास आपसूक कळेल. त्या खोलीत कॅलथ्रॉप असू दे, आणि आकडा लावून पोती उचलणारा हमालही असू दे. कारखान्यातून निवृत्त झालेली माणसे अजून गावात आहेत. घरोघरी पितळी बिल्ले, जुने पास, हत्यारे, फोटो आहेत. मागितले तर लोक देतील. आणखी दहा वर्षांनी मागितले तर भंगारात शोधावे लागतील.

एवढे सगळे वाचून आपण म्हणाल, पैसा कुठून आणायचा आणि बदलणारे उतारू खरेच किती आहेत याचा पुरावा काय. पुरावा माझ्याकडे नाही, आणि आपल्याकडेही नसावा, कारण मोजमापाची पद्धतच तशी नाही. म्हणून पहिले काम तेच करू. वर्षातून चार वेळा, प्रत्येक वेळी एक आठवडा: एक आषाढीचा, एक दिवाळीचा, एक परीक्षांच्या दिवसांतला आणि एक अगदी साधा. फलाटावर उतरणाऱ्याला फक्त तीन प्रश्न: कुठून आलात, कुठे चाललात, इथे किती वेळ थांबणार. आणि थांबलेल्याला चौथा: काय अडले? गावातल्या महाविद्यालयांतली मुले हे काम आनंदाने करतील, आम्ही काही निवृत्त मंडळी त्यांच्याबरोबर पाळ्या लावून बसू. रेल्वेने पैसा द्यायला नको. फलाटावर बसण्याची लेखी परवानगी, ओळखपत्रे आणि रात्रपाळीला मुलांसाठी एक उजेडाची जागा एवढे द्यावे. आकडे हाती आले की आराखड्याच्या नकाशाशेजारी ठेवून बघू. ते माझ्या म्हणण्याविरुद्ध गेले तर कमान आणखी उंच करा, मी हरकत घेणार नाही.

परवानगीचे उत्तर स्टेशन मास्तरांकडे पाठवले तरी चालेल. आम्ही रोज संध्याकाळी तिकडे असतोच.

कळावे,

आपला,
कुर्डुवाडीचा एक रहिवासी